डिस्कचा पायगुण

"डिस्क किती टिकेल ते कंपनीला विचारू नका, ब्रेकवर पडणाऱ्या पायाला विचारा."

हे वाक्य तो एकदा एका दातांच्या डॉक्टरला म्हणाला. डॉक्टरचा प्रश्न साधा होता: घरची मोठी गाडी आहे, सात माणसं बसतात, पुढच्या डिस्क किती किलोमीटर जायला हव्यात? काउंटरवरच्या मॅनेजरने छापील उत्तर दिलं, पन्नास हजार ते एक लाख. चुकलं तरी अंगाशी येऊ नये इतपत जागा त्या उत्तरात सोडलेली होती. तेवढ्यात आतून हात पुसत तो आला, वरचं वाक्य बोलला आणि आला तसा परत गेला. डॉक्टर खूश झाला. पुढे त्याने तेच वाक्य दात आणि ब्रश यांना लावून आपल्या पेशंटांना ऐकवायला सुरुवात केली, असं वर्कशॉपमध्ये सांगत.

वर्कशॉपमध्ये त्याला दशांश म्हणत. बाकी सगळे 'सव्वीस पॉइंट चार' म्हणत, तो 'सव्वीस दशांश चार' म्हणे. गणिताच्या कुठल्यातरी मास्तरांनी लहानपणी त्याच्या कानात तो शब्द असा काही ठोकला होता की तो पुन्हा निघाला नाही. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं आणि तिथे ते कोणी वाचत नसे.

शेडच्या अगदी टोकाला त्याचा कोपरा. गाडी वर उचलायचे दोन खांब, एक ओटा, मान वाकवता येणारा एक दिवा, आणि हिरव्या कापडाच्या अस्तरात निजवलेला, जाडी मोजायचा मायक्रोमीटर. ब्रेक सोडून दुसरं काम तो करत नसे. इंजिनवाले त्याला हसत. इंजिन चालवायचं, यातली मजा कोणालाही कळते. थांबवण्यात आयुष्य घालवलेला माणूस त्यांना थोडा मागासलेला वाटे. तो मनावर घेत नसे. डिस्क म्हणजे शेवटी लोखंडाचं एक जाड ताट. पेडल दाबलं की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चावतात, गाडी थांबते आणि ती कणभर झिजते. तिच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो: यापेक्षा पातळ झाली की टाकून द्या. माणसाच्या कडेवर असा आकडा नसतो. ही सोय आहे की गैरसोय, यावर दशांशने कधी डोकं शिणवलं नव्हतं. त्याच्यासमोर डिस्क आली की तो ती आठ ठिकाणी मोजे, कोरलेल्या आकड्याशी ताडून बघे आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिही. पायगुण बरा. किंवा, पायगुण जड.

हा शब्द खरं तर घरात नव्याने आलेल्या बाईसाठी राखून ठेवलेला. ती आली आणि घराचं बरं झालं तर पायगुण चांगला; काही बिनसलं तर तेही तिच्याच पायाचं. दशांशने तो शब्द उंबरठ्यावरून उचलला आणि ब्रेकच्या पेडलवर नेऊन ठेवला. सगळ्या शेडला तो आवडला. मॅनेजरसुद्धा फोनवर हळूच विचारी, "त्या निळ्या गाडीचा पायगुण काय?"

डिस्क बघून तो माणसं ओळखी. एका प्राध्यापकाच्या गाडीची डिस्क एक लाख दहा हजार किलोमीटरनंतरही ठणठणीत निघाली, तेव्हा तो म्हणाला, "हा माणूस पुढचा सिग्नल लाल होणार हे आदल्या दिवशी ओळखतो. घरात याच्याशी कोणी भांडत नसणार. भांडणाच्या आधीच हा थांबलेला असणार." एक जोडपं चाळीस हजारांतच डिस्क संपवून आलं, तर बाईंना बाजूला ठेवून त्याने नवऱ्याला सांगितलं, "साहेब, तुम्ही शेजारी बसून 'हळू, हळू' करता ना? ही झीज तुमच्या तोंडाची आहे." नवऱ्याने पुढच्या वेळी गाडी दुसरीकडे नेली. बाई मात्र याच्याकडे स्वतः येऊ लागल्या.

"दशांश, तू स्थळं जुळवायला घे," शेडमधला पेंटर म्हणे. "जावई बघायचा तर पगार काय विचारता, त्याची डिस्क दाखवा म्हणावं."

"चेष्टा नाही. मी तर तेच बघेन."

"आणि स्वतःची?"

"माझी काय बघायची? मी बत्तीस वर्षं ब्रेकमध्ये आहे."

पेंटर आपल्या कामाकडे वळला. त्याचा रंग वाळत होता.

घरी त्याची बायको, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. आणि एक मोठी, सात जणांची गाडी. बायकोचे गुडघे गेले होते, खालच्या गाडीतून तिला उठवायला दोन माणसं लागत. म्हणून उंच गाडी हवी असं ठरलं आणि दोन वर्षांपूर्वी ती दशांशच्या नावावर आली. गाडी सगळ्यांची, असं म्हटलं जाई. रोज ती सून चालवी: नातीला शाळेत सोडायचं, सासूला गुडघ्याच्या व्यायामाला पोचवायचं आणि मग स्वतः लॅबमध्ये. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती सात वर्षं होती. रिपोर्ट ती तयार करी, खाली सही दुसऱ्याची होई. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे, पण घरात भाजीच्या यादीखालीसुद्धा ती पूर्ण सही करी. ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीच त्यावर विचार केला नव्हता.

त्या आठवड्यात तिला बोलावणं आलं. घाटाखालच्या गावात लॅबची नवी शाखा निघत होती. प्रमुख म्हणून येता का? सही तुमची. सोमवारी सकाळपर्यंत कळवा. घाटातून बस दिवसात दोनच, दोन्ही अडनिड्या वेळच्या. गाडी असेल तर नोकरी, नाहीतर नाही, इतका तो साधा हिशेब होता. तिने जेवताना सांगितलं आणि ताटाकडे बघत राहिली.

"अडतीस किलोमीटर," दशांश म्हणाला. "त्यातले अकरा उताराचे."

"मोजून आलात की काय?" त्याची बायको म्हणाली.

"मोजायला जावं लागतं कशाला? रस्ता काय आज झालाय?"

"बाबा, मी रोज चालवतेच ना गाडी," सून म्हणाली.

"सपाटीवर कोणीही चालवतं. घाटात पाय लागतो."

"पाय मला दोन आहेत."

नात फिस्सकन हसली. मुलाने हसू आवरलं. तो सगळ्यांच्या बाजूने एकाच वेळी असण्याचा प्रयत्न करणारा माणूस होता, त्यामुळे जेवताना त्याला सारखा ठसका लागे.

"तू काही बोलणार आहेस का?" त्याच्या आईने विचारलं.

"बाबा म्हणतील ते… म्हणजे, हिला जायचं असेल तर… बाबांचं त्यातलं ज्ञान आहे ना."

"झालं. बोललास."

दशांशने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. आपण न्यायाने वागतो आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं. "हे बघ सूनबाई, मी नाही म्हणत नाही. मी कोण नाही म्हणणारा? रविवारी गाडी वर घेतो. पुढच्या डिस्क मोजतो. पायगुण बरा निघाला तर खुशाल जा. जड निघाला, तर रोज अकरा किलोमीटर उतार त्या पायाने उतरायचा नाही. माझं काही म्हणणं नाही, डिस्कचं म्हणणं."

"अहो, नोकरी तिला लागलीय की डिस्कला?"

"आई, असू दे," सून म्हणाली. "बघा बाबा. डिस्क काय सांगेल ते मी ऐकेन. पण मोजताना मी तिथे असणार."

रविवारी सकाळी शेड बंद होती. दशांशने बाजूचं छोटं दार उघडलं, गाडी आत घेतली, वर उचलली, पुढची दोन्ही चाकं उतरवली. रिकाम्या शेडमध्ये पाना ठेवला तरी घंटा वाजल्यासारखा आवाज होत होता. सुनेने न सांगता दिवा हातात घेतला आणि हवा तिथे धरला. तिचा हात हलत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला आवडलं. त्याने डिस्क पुसली, मायक्रोमीटर अस्तरातून उचलला, लावला, फिरवला, बारीक टकटक ऐकली, आकडा वाचला. आठ ठिकाणी. मग दुसऱ्या बाजूला आठ ठिकाणी. प्रत्येक आकडा तो बोलत होता आणि ती गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मागच्या पानावर लिहून घेत होती. ते पान त्याचंच होतं. घरच्या गाडीची डिस्क तो अधूनमधून मोजून तिथे नोंद करी.

"सव्वीस दशांश एक," शेवटी तो म्हणाला.

"नवी किती असते?"

"अठ्ठावीस मिलिमीटर."

"आणि टाकायची कधी?"

त्याने बोटाने कडेवरचा आकडा दाखवला. सव्वीस.

"म्हणजे संपलीच."

"एकतीस हजारांत. साठ-सत्तर तरी जायला हवी होती." त्याला वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, आपण बरोबर ठरलो याची एक छोटीशी ऊब होती. ती त्याला स्वतःलाही जाणवली आणि त्याने दुसरीकडे बघितलं.

"पण असं कशाने होतं?" तिने विचारलं.

"पायगुण," तो सवयीने म्हणून गेला.

दिवा तसाच स्थिर राहिला. पण बत्तीस वर्षं शेडमध्ये हसण्यावारी गेलेला तो शब्द पेडलवरून खाली उतरला आणि चालत चालत आपल्या जुन्या घरी गेला. दोघांनीही त्याला जाताना पाहिलं. 'तसं नाही, मी ब्रेकचं म्हणत होतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण दशांशला वाचलेला आकडा मागे घ्यायची सवय नव्हती, आणि हा शब्द आकड्याला चिकटून आला होता. तो चाकं बसवू लागला. ती नट हातात देत राहिली, एकेक करून.

परतताना गाडी त्याने घेतली. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी नुकतीच परवानगी दिली होती. शेडच्या फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता. त्याने वेग धरला आणि खाडकन ब्रेक दाबला. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. पुन्हा एकदा. नवे पॅड घातले की ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून असं दहा वेळा करायचं असतं. शेडमागच्या रस्त्यावर गिऱ्हाइकांच्या हजारो गाड्या त्याने अशा थांबवल्या होत्या. घरच्या गाडीला पॅड नवे असोत की जुने, तो बसला की तीन वेळा हे होईच. ब्रेक बघितल्याशिवाय गाडी चालवणं त्याला अडाणीपणाचं वाटे.

तिसऱ्या दणक्याला सुनेच्या मांडीवरचं सर्व्हिस पुस्तक घसरून पायाशी पडलं. तिने ते उचललं. मागचंच पान उघडलं होतं. ती वाचू लागली आणि घर येईपर्यंत तिने मान वर केली नाही. दशांशला वाटलं, ती रडते आहे. त्याला तिची फार कीव आली.

घरी चहा तयार होता. सगळे टेबलाभोवती होते. नात कडेला वहीत चित्र रंगवत होती. दशांशने आकडा सांगितला. त्याच्या बायकोने हातातली बशी खाली ठेवली. मुलगा म्हणाला, "मग… दुसरं काहीतरी बघू या. इथेच मिळेल पुढेमागे," आणि त्याला ठसका लागला.

"बाबा, एक विचारू?" सून म्हणाली. पुस्तक तिच्या समोर उघडं होतं. "आजचा आकडा तुम्ही कशाशी ताडून बघता?"

"कशाशी म्हणजे? टाकायच्या आकड्याशी. दुसरं काय लागतं?"

"आणि मागच्या वेळचा आकडा?"

"तो मागच्या वेळी बघितला."

"आमच्याकडे मागचा रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय सही होत नाही. नुसती आजची साखर किती, याने काही कळत नाही. कालपासून ती कुठे चाललीय ते बघावं लागतं." तिचा आवाज अगदी साधा होता, समोर पेशंट बसलेला असताना असतो तसा. "हे तुमचंच अक्षर आहे. वीस हजार किलोमीटर झाले तेव्हा सत्तावीस दशांश एक. बरोबर? म्हणजे पहिल्या वीस हजारांत दशांश नऊ गेले."

"बरं."

"चोवीस हजारांवर सव्वीस दशांश चार. चार हजारांतच दशांश सात."

दशांशने पुस्तक जवळ ओढलं. अक्षर त्याचं होतं, शाई त्याची होती. त्याने आयुष्यात लाखभर आकडे वाचले असतील. एकातून दुसरा वजा करायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ते काम शेडमध्ये कोणाचंच नव्हतं.

"हे चार हजार कधीचे?" त्याच्या बायकोने विचारलं.

सुनेने तारखा वाचल्या आणि थांबली. पुढचं तिला बोलायचं नव्हतं. ते मुलगा बोलला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तो एका बाजूला बसलेला दिसला. "तेव्हा ही घरी नव्हती. हिच्या आईचा खुबा मोडला होता. तीन महिने ही तिकडे होती."

"मग गाडी कोण…" म्हणता म्हणता दशांशची बायको नवऱ्याकडे वळली. "अगं बाई! शाळा, माझा व्यायाम, सगळं तेव्हा हेच करत होते की."

"आणि त्यानंतरचे सात हजार?" मुलगा पुस्तकावर वाकला. "दशांश तीन फक्त."

"तेव्हा यांचे डोळे. आधी एक, मग दुसरा. सहा महिने स्टिअरिंगला हात नाही. घरात नुसते येरझारा घालत होते."

"आजोबा गाडी सुरू केली की तीनदा थांबवतात," नात चित्रातून मान वर न काढता म्हणाली. "मी बाटली घट्ट धरते."

"ते ब्रेक बघतात, बाळा," तिची आजी म्हणाली. "मी पण गेटपासूनच डॅशबोर्डवर हात टेकून बसते. मला वाटायचं, मोठ्या गाड्या अशाच चालतात." मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. एवढ्या वर्षांच्या संसारात असा चेंडू हातात क्वचित येतो. "काय हो, मग आता घाट कोणाला बंद झाला?"

मुलगा खो खो हसला. नात, काय झालं ते न कळता, त्याच्याहून मोठ्याने हसली. दशांश पुस्तकातल्या चार ओळी बघत होता. सत्तावीस दशांश एक. सव्वीस दशांश चार. ज्याने ब्रेक संपवले तो पाय तेवढा वेळ या टेबलाखालीच होता, चपलेत, निवांत. ब्रेक नीट आहेत ना हे बघून बघून त्याने ते खाल्ले होते. काळजीने.

"असं नाही हं, आई," सून एकदम म्हणाली. हसण्यात ती नव्हती. तिने पुस्तक मिटलं आणि कपापाशी सरकवलं. "बाबांचं नसेल. डिस्कचाच माल खराब असेल. हल्ली लोखंड पूर्वीसारखं येतच नाही."

सगळ्यांनी ते लगेच उचलून धरलं. "हो, मालच खराब," मुलगा म्हणाला. "कंपन्यांचा काय भरवसा?" बायकोही म्हणाली, "असेल बाई. मागे माझा कुकर नाही का, वर्षात गेला." चौघांची तोंडं त्याच्याकडे वळली. सगळ्यांना त्याने फक्त 'हो' म्हणायला हवं होतं.

माल खराब. बत्तीस वर्षांत किती गिऱ्हाइकांनी त्या ओट्यापाशी उभं राहून हेच म्हटलं असेल. वाद त्याने एकाशीही घातला नव्हता. तो नुसता दिवा वळवून झिजलेली कड उजेडात धरी आणि समोरच्याचा चेहरा बघत राही. आता त्याच्यावर कोणी दिवा धरला नव्हता. उलट सुनेने तो मालवून दिला होता, आपण होऊन, जिंकून झाल्यावर. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विजयाचा मागमूस नव्हता. असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

"आई, मग मी कळवू का?" तिने विचारलं. प्रश्न आईला होता, पण फोन हातात आधीच होता.

"कळव की. डिस्कचं म्हणणं आलं ना सगळ्यांसमोर?"

तिने लिहिलं. मी येते. खाली पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. फोनचा बारीक आवाज झाला आणि गोष्ट पक्की झाली. नातीने विचारलं, "आई, म्हणजे तू आता साहेब?" आणि तिच्या आईला पहिल्यांदा हसू आलं, तेही ओठ दाबून.

"उद्या डिस्क बदलून घेऊ," मुलगा उत्साहाने म्हणाला. "शेडमध्ये कोणालाही सांगू, तासाभराचं काम."

"कोणाला नको," सून म्हणाली. "बाबांनीच बसवाव्यात. घाटात जायचंय. दुसऱ्या कोणाच्या हातच्या मला चालणार नाहीत." आणि त्याच्याकडे वळून, "बसवाल ना, बाबा?"

ती हे मनापासून म्हणत होती. दशांशला ते दिसत होतं. नेमकं तेच त्याला सोसवेना. चहावर साय आली होती. बायको म्हणाली, "अहो, तिला काहीतरी बोला तरी." मुलगा म्हणाला, "बाबा?" नातीने रंगाचा खडू खाली ठेवला आणि आता काय होतं ते बघू लागली.

त्याने कप दोन बोटांनी दूर सारला, खुर्ची मागे ढकलली, उठला, आणि कोणाकडेही न बघता दारातून बाहेर चालता झाला.